एकसष्ट हजार ओळींचा सातबारा

शुक्रवारी पुण्याची माणसं येणार होती, आणि सोमनाथ सोडून ऑफिसातल्या प्रत्येकाने नोकरीची धास्ती घेतली होती.

ऑफिस म्हणजे कॅनडा कॉर्नरच्या चौकापासून दोन गल्ल्या आत, चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पाटीवर 'मंडपनोंद'. मालकीण उज्वला मॅडम. प्रोग्रामर तीन: सोमनाथ, महेश आणि आठ महिन्यांपूर्वी देवळ्याहून आलेली हर्षाली. जिल्ह्यातली सत्तरेक लॉन्स आणि मंगल कार्यालयं या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरत. कुणाचं लग्न कधी, हळद कुठल्या हॉलमध्ये, बँड कुठल्या गेटने. आदल्या दिवशी आचाऱ्याला, भटजींना आणि घोडेवाल्याला आपोआप मेसेज. जिल्ह्यातल्या निम्म्या नवरदेवांना घोड्यावर सोमनाथनेच बसवलं, असं तो म्हणायचा. नवरदेव तसं म्हणत नसत.

आता ही कंपनी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने घेतली होती. त्यांनी मेल पाठवला: शुक्रवारी आमच्या स्नेहल मॅडम येतील, प्रोग्रामच्या किती ओळी कुणाच्या नावावर आहेत ते बघतील, दहा टक्क्यांच्या खाली जो असेल त्याला मोकळं करतील.

मोकळं करणं सोमनाथला फक्त गुरांच्या बाबतीत माहीत होतं. पण त्याला काय त्याचं? सातबारा त्याच्या नावावर होता.

सातबारा म्हणजे शेताचा नव्हे. प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीपुढे एक नाव दिसतं, की या ओळीला शेवटचा हात कुणी लावला. जगात त्या यादीला इंग्रजी नाव आहे. या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात तिचा सातबारा झाला. त्यावर उज्वला मॅडमचा एक नियम होता: ज्याची ओळ, त्याचा फोन. गिऱ्हाइकाची तक्रार आली की मॅडम घोळ कुठल्या ओळीत आहे ते शोधत, सातबाऱ्यावर नाव बघत आणि फोन त्या टेबलावर आणून ठेवत. 

सोमवारचा सातबारा:

सोमनाथ | ४६,९१२
महेश | १२,४४०
हर्षाली | १,८५६
एकूण | ६१,२०८

म्हणजे दहा फोनपैकी आठ सोमनाथचे. अकरा वर्षं तो डब्यातला एक घास घ्यायचा, एक फोन घ्यायचा. पण नाव होतं. माणसाला दोनपैकी एक तरी लागतंच, जेवण किंवा नाव.

मंगळवार

सोमनाथ ओळ आत सरकवताना चार स्पेस द्यायचा. महेश एक टॅब दाबायचा. दिसायला सारखंच. पण यावरून दोघं चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते आणि नंतर बोलायला लागले ते फक्त यावरच. महेशने सोमनाथची फाइल उघडली की टॅब घालायचा. सोमनाथ संध्याकाळी ते पुसून स्पेस द्यायचा. बांधावरच्या भांडणात निदान बोरं तरी खायला मिळतात.

या आठवड्यात महेश सुटीवर होता. गुरुवारी त्याचं लग्न होतं, देवळ्याला, गोरज मुहूर्तावर. म्हणजे भांडायला कुणी नव्हतं. उज्वला मॅडमनी तोच मोका साधला.

"हर्षाली, पुण्याच्या लोकांपुढे हे असं जायला नको. एका घरात तीन सुनांनी तीन तऱ्हेने पसारा मांडल्यासारखं दिसतंय. काहीतरी कर."

"फॉरमॅटर लावू का मॅडम?"

"दुखतं का?"

"नाही मॅडम."

फॉरमॅटर म्हणजे शाळेत निघालेल्या पोरांना ओळीने उभं करून सगळ्यांचा एकाच बाजूला भांग पाडणारी आई. कुणी कसंही लिहा, तो एका मापाचं करून ठेवतो. हर्षालीने तो सगळ्या प्रोग्रामवर फिरवला. वर एक बंदोबस्तही करून ठेवला, की यापुढे कुणीही काहीही जमा केलं, तर आधी फॉरमॅटर त्यावरून हात फिरवणार, मगच ते आत जाणार. चारशे बारा फायली. चहा निवायच्या आत काम झालं. सोमनाथ तेव्हा बँकेत केवायसीच्या रांगेत होता.

एकही ओळ अशी उरली नाही, जिला फॉरमॅटरचा हात लागला नाही.

बुधवार

हा प्रसंग मंगळवारपर्यंत असा असायचा:

सोमनाथ डबा उघडतो, फोन वाजतो, "बोला," मखमलाबादचं लॉन, दोन केटरर एकाच वेळी आलेत, दोघांनीही कांदा चिरायला घेतलाय, सोमनाथ डबा मिटतो, सांगतो, डबा उघडतो, फोन वाजतो.

बुधवारी तो असा झाला:

सोमनाथ
  डबा उघडतो;
  खातो;
    (फोन वाजत नाही);
    (फोन वाजत नाही);
  गवारीच्या भाजीत शेंगदाण्याचा कूट असतो,
    हे त्याला अकरा वर्षांनी कळतं;
  डबा मिटतो.

त्याने बायकोला फोन करून भाजी चांगली झालीय म्हणून सांगितलं. तिने विचारलं, "बरं आहे ना तुम्हाला?"

समोरच्या टेबलावर हर्षाली एकतिसावा फोन घेत होती. "हो काका... नाही काका, मी नवीन आहे... हो काका, माझंच नाव आहे, पण..." तिच्या कपाळावरची टिकली घामाने भुवईपर्यंत आली होती.

सोमनाथला आधी वाटलं, पोरगी कामाला लागली. मग वाटलं, पण एवढे फोन? आणि सगळे हिलाच? त्याने सातबारा उघडला.

हर्षाली | ६१,२०८

खाली काहीच नव्हतं. शून्यसुद्धा लिहिलेलं नव्हतं. ज्याच्या नावावर एकही ओळ नाही, त्याला यादी धरतच नाही.

अकरा वर्षं गेली. शुक्रवार दोन दिवसांवर होता. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला, ज्याच्या अनुभवातला निम्मा भाग कुठल्या लॉन्सचं गेट कुठल्या बाजूला उघडतं हा आहे, कोण नोकरी देणार?

सभ्य माणसाने अशा वेळी हर्षालीला विचारलं असतं. पण कालच्या पोरीला काय विचारायचं? त्याने आपली अक्कल चालवली. ओळीला हात लावला की ओळ आपली. मग प्रत्येक ओळीच्या शेवटी एक स्पेस टाकायची. दिसणार नाही, कुणाला टोचणार नाही, पण ओळ बदलली म्हणजे बदलली. त्याने दहा मिनिटांत तेवढ्यापुरता एक छोटा प्रोग्राम लिहिला, एकसष्ट हजार ओळींच्या शेपटीला एकसष्ट हजार स्पेस बांधल्या आणि जमा केलं.

यंत्र म्हणालं:

फॉरमॅट करत आहे...
अनावश्यक जागा काढल्या: ६१,२०८
बदल: काही नाही.

सोमनाथने चष्मा पुसला. मग प्रत्येक ओळीआधी दोन स्पेस टाकल्या.

बदल: काही नाही.

मग मध्ये रिकाम्या ओळी घातल्या. मग आपल्या जुन्या चार-चार स्पेस परत आणल्या. मग, चिडून, महेशचे टॅबसुद्धा घातले. हे पाप त्याच्या हातून पहिल्यांदाच घडत होतं.

बदल: काही नाही.

पाच वाजता उज्वला मॅडम मागून आल्या. "सोमनाथ, दुपारपासून फार काम चाललंय तुमचं. काय करताय?"

"काही नाही," सोमनाथ म्हणाला. ते अगदी खरं होतं.

गुरुवार

सकाळी नऊ वाजता मॅडमनी हर्षालीच्या टेबलावर फोन ठेवला आणि स्पीकर लावला, कारण पलीकडे देवळ्याच्या लॉन्सचे मॅनेजर खंडेराव होते. त्यांना स्पीकर लागत नसे, पण इतरांनी कान वाचवण्यासाठी लावायचा असे.

"ताई! घोडा आलेला हे!"

"आज लग्न आहे ना दादा. येणारच की."

"अहो संध्याकाळच्या सहाला पाहिजे! तो सकाळी सहाला येऊन उभा हे! तीन तास झाले! नवरदेव अजून दाढी करतोय!"

"घोडेवाल्याला सांगा ना, परत जा म्हणून."

"तो कुठून परत जाईल? तो म्हणतो, मला सहाचा मेसेज हे, मी सहाला आलोय, तुमचं तुम्ही बघा. आन् घोड्याने लॉनमधलं गवत खाल्लं!"

"खाऊ द्या की. गवतच आहे."

"प्लास्टिकचं हे ते!"

हर्षालीने स्पीकरवर हात ठेवला आणि सोमनाथकडे बघितलं. सोमनाथ छताकडे बघत होता. ज्याची ओळ, त्याचा फोन.

"आन् ताई, नवरदेव तुमच्याच ऑफिसचा हे ना? महेश? त्याला काय सांगू?"

फोनवर धडपड झाली आणि महेशचा आवाज आला. त्याच्या गालावर बहुतेक फेस असावा. "कोणी हात लावला रे कोडला? सोमनाथ, तू स्पेस घातल्यास ना?"

आता मात्र सोमनाथला राहवेना. त्याने खुर्ची ओढली आणि हर्षालीच्या पडद्यावर फाइल उघडली. घोळ त्याला मिनिटभरात सापडला. सापडणारच, कारण तो त्यानेच पेरला होता. अकरा वर्षांपूर्वी घाईत असताना फाइलच्या तोंडाशी एक यादी लिहिली होती, कुठल्या फायली कुठल्या क्रमाने वाचायच्या. मुहूर्त आधी, मेसेज नंतर. गोरज म्हणजे संध्याकाळ, हे मुहूर्ताची फाइल आधी सांगते, मगच मेसेजच्या फाइलला कळतं. नाहीतर तिच्या लेखी सहा म्हणजे सकाळचे सहा. फॉरमॅटरला वाटलं, यादी आहे तर इंग्रजी मुळाक्षरांनी लावून टाकू. मेसेज वर गेला, मुहूर्त खाली आला, आणि घोडा सूर्योदयाला हजर झाला.

"सर, क्रम बदलला तर मोडतं, हे कुठे लिहिलं होतं?" हर्षालीने विचारलं.

"मला माहीत होतं."

"कुठे लिहिलं होतं, सर?"

सोमनाथने मुहूर्त वर नेला, आणि त्याच्या डोक्यावर एक ओळ घातली: फॉरमॅटरने या यादीला हात लावू नये. अशी ओळ दिसली की फॉरमॅटर तेवढा भाग सोडून देतो. जमा केलं. मुहूर्त आणि मेसेज आपापल्या जुन्या जागी गेले. यंत्राने या खेपेला ऐकलं.

हर्षाली | ६१,२०८
सोमनाथ | १

दिवसभर तो त्या एकाकडे बघत होता. घोड्याला तोवर कोथिंबीर घातली होती, असा खंडेरावांचा निरोप आला.

दुपारी साडेतीनला मॅडम महेशच्या लग्नाला जायला निघाल्या. ऑफिसात दोघंच उरले.

"हर्षाली," सोमनाथ म्हणाला. "हे जुनं परत येतं का? नावं?"

"येतं, सर. एक वेगळी फाइल करायची. तिच्यात मंगळवारच्या बदलाचा नंबर लिहायचा. मग सातबारा तो बदल झालाच नाही असं धरतो. खालची नावं परत दिसतात."

"किती वेळ लागतो?"

"एक ओळ आहे."

"आणि तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"मंगळवारपासून."

"मंगळवारपासून! मी काल दुपारभर एकसष्ट हजार..." तो थांबला. "मग लिहिली का नाहीस?"

हर्षालीने फोनची वायर बोटाला गुंडाळली. "कारण ती लिहिली की मी तीन टक्के, सर."

सोमनाथने दोन दिवस आपलं शंभर वेळा मोजलं होतं. हिचं एकदाही मोजलं नव्हतं.

"तू लहान आहेस. तुला दुसरीकडे मिळेल."

"तुम्हाला अनुभव आहे. तुम्हाला मिळेल."

दोघंही खोटं बोलत होते आणि दोघांनाही ते माहीत होतं, म्हणून पुढचं बोलणं जरा सोपं झालं.

"मग असं करू," हर्षाली म्हणाली. "मंगळवारचं सगळं मागे घ्यायचं. परत फॉरमॅट करायचं, पण दोन हप्त्यांत. एका हप्त्याचा नंबर त्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायचा, म्हणजे तिथे तुमचं आणि महेश सरांचं नाव परत. दुसरा तसाच ठेवायचा. तो माझा."

"म्हणजे वाटणी?"

"वाटणी."

वाटणी सोमनाथला कळत होती. त्याने पाठीला पाठ लावून बसलेले तीन काका पाहिले होते. त्याने कागद घेतला.

बँड. २,१०० ओळी. "घे तू." "नको सर. बँडवाले शिव्या देतात."

हळद. ३,४०० ओळी. "हळद छान आहे." "काल दुपारपर्यंतच्या एकतीसपैकी बारा फोन हळदीचे होते."

केटरर. ५,८०० ओळी. हर्षालीने नकारार्थी मान हलवली.

घोडा. सोमनाथने घोडा सुचवलाच नाही.

"मग तुला हवंय काय?"

"अधिक मास."

सोमनाथने पेन खाली ठेवलं. "वेड लागलंय का?"

अधिक मास ही त्याची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लाडकी फाइल होती. तीन वर्षांनी एकदा तो महिना येतो, त्यात लग्नं नसतात, सगळ्या तारखा पुढे ढकलाव्या लागतात. ते सगळं गणित त्या एका फाइलमध्ये. कुठेही घाई नाही, ठिगळ नाही. एकेक ओळ घासूनपुसून ठेवलेली. कुणावर चिडला की तो ती फाइल उघडून नुसती वाचत बसायचा.

"नऊ हजार ओळी," हर्षाली म्हणाली. "आणि फोन आजपर्यंत एकही नाही. लग्नंच नसतात, तर फोन कोण करणार? दोन दिवस एकसष्ट हजार ओळी माझ्या गळ्यात होत्या, सर. सातबारा मी नीट वाचलाय."

"ती सोडून काहीही माग."

"मग एक ओळ लिहायची राहू द्या. उद्या स्नेहल मॅडमना माझे एकसष्ट हजार बघू द्या, आणि तुमची एक."

सोमनाथ उठला. खिडकीपाशी गेला. खाली चष्म्याच्या दुकानात एक म्हातारा फळ्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होता आणि सगळी चुकत होता. सोमनाथ परत आला आणि कागदावर शेवटची नोंद केली.

अधिक मास. ९,०४० ओळी. हर्षाली.

शुक्रवार

सोमनाथ | ३७,८७३
महेश | १२,४४०
हर्षाली | १०,८९६

स्नेहल मॅडम तिशीच्या होत्या, पायात स्पोर्ट्स शूज. आल्या आल्या त्यांनी चहा नको म्हटलं आणि मग दोन कप प्यायल्या. त्यांनी यादी बघितली, मनातल्या मनात भागाकार केला. "दहाच्या खाली कुणीच नाही की. मला सांगितलं होतं, एक नवीन मुलगी आहे, ती निघेल."

"फार कष्टाळू आहे," सोमनाथ म्हणाला. उज्वला मॅडमनी त्याच्याकडे वळून बघितलं. अकरा वर्षांत त्याने कुणाला कष्टाळू म्हटलेलं नव्हतं.

"तरी मी प्रत्येकाची एक फाइल उघडते. मागे आमच्याकडे एकाने नुसत्या स्पेस टाकून ओळी नावावर करून घेतल्या होत्या. त्याच दिवशी घरी पाठवला. आणि ज्याने त्याला झाकलं, त्यालाही."

"असेही लोक असतात?" सोमनाथ म्हणाला. त्याने समोरचा कप तोंडाला लावला. तो स्नेहल मॅडमचा होता, रिकामा.

स्नेहल मॅडमनी हर्षालीच्या नावापुढची सगळ्यात मोठी फाइल उघडली. वाचायला लागल्या. वाचताना त्यांचा चेहरा मऊ होत गेला. "हे तू लिहिलंस? आठ महिन्यांत?"

हर्षालीने सोमनाथकडे बघितलं नाही, हे तिचं कौशल्य. "हो मॅडम."

"किती सुंदर आहे गं. असं कुणी लिहीत नाही हल्ली." त्या सोमनाथकडे वळल्या. "तुम्ही शिकवलंत का हिला?"

"छे," सोमनाथ म्हणाला. "मला त्यातलं काही कळतसुद्धा नाही. ते सगळं तिचंच." ही दोन वाक्यं बोलायला त्याला जेवढा जोर लागला, तेवढा ती फाइल लिहायला लागला नव्हता.

त्या आणखी खाली गेल्या. एका जागी थांबल्या. कोडच्या मध्येच एक साधी मराठी ओळ होती, यंत्रासाठी नव्हे, माणसांसाठी लिहिलेली. फॉरमॅटर अशा ओळींचा मजकूर बदलत नाही, फक्त त्या नीट सरळ उभ्या करतो. स्नेहल मॅडमनी ती मोठ्याने वाचली.

"आज मुलगी झाली. उरलेलं उद्या."

सोमनाथला दवाखान्याचा पॅसेज आठवला, मांडीवरचा लॅपटॉप, आणि नर्स बाहेर आली तेव्हा ओळ अर्धीच राहिलेली. दहा वर्षांत या एका ओळीवरून त्याची नजर कितीदा फिरली असेल. कालच्या वाटणीत ती आठवली नाही.

स्नेहल मॅडमनी हर्षालीकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुझी?"

"बहिणीची, मॅडम," हर्षाली म्हणाली. डोळ्याची पापणीही हलली नाही. "मी दवाखान्यात बसूनच काम करत होते."

"अय्या! अभिनंदन! नाव काय ठेवलं?"

हर्षालीचं तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. उज्वला मॅडम टेबलावरच्या कॅलेंडरची पानं उलटायला लागल्या.

"रोहिणी," सोमनाथ म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"बारशाला होतो मी," तो म्हणाला.